ऋतुवही कशी ठेवावी

गेल्या आषाढात सातवीच्या वर्गात मी सहज विचारले, की शाळेच्या फाटकाशी असलेला बहावा यंदा केव्हा फुलला. मुलांकडून चार वेगवेगळी उत्तरे आली. पाचवे आणि सर्वांत ठाम उत्तर माझे होते, ‘एप्रिलच्या सुरुवातीला’. घरी येऊन वही उघडली, तर पहिल्या घोसाची नोंद २८ एप्रिलची निघाली. ही चूक त्याच झाडाखालून दिवसातून दोनदा जाणाऱ्या विज्ञानाच्या बाईंची होती. ऋतू आपल्या आठवणीत तारखेला धरून राहत नाही, प्रसंगाला चिकटून राहतो. परीक्षा संपल्याच्या सुटकेला मी बहावा चिकटवून टाकला होता. अशा चुका पकडता याव्यात म्हणून मी झाडांच्या आणि ऋतूंच्या नोंदींची जी वही ठेवते, ती ऋतुवही कशी तयार करावी हे येथे सांगत आहे.

वही दोनशे पानी, कोऱ्या कागदाची आणि शिवलेली असावी. नमुने चिकटवल्यावर ती फुगते आणि शिवण तुटते, म्हणून आधीच दर तिसरा कागद शिवणीपासून बोटभर पट्टी राखून कापून टाकावा. पट्टी न राखल्यास त्याचा जोडकागद सुटून येतो. उरलेल्या वहीत समोरासमोरची दोन पाने एका आठवड्याला द्यावीत. १ ते ७ जानेवारी हा पहिला आठवडा, ८ ते १४ हा दुसरा, असे बावन्न होतात. डाव्या पानावर चार आडव्या पट्ट्या आखाव्यात, चार वर्षांसाठी एकेक. उजवे पान चित्राला आणि नमुन्याला. या रचनेमुळे एकाच आठवड्याची चार वर्षे एकाखाली एक दिसतात, आणि खरी गंमत तेथेच आहे. वर्षाला एक स्वतंत्र डायरी ठेवणाऱ्यांना ही तुलना करताना चार डायऱ्या मांडीवर घ्याव्या लागतात, आणि म्हणून ते ती करत नाहीत.

तारीख कोणती लिहावी, हा प्रश्न इंदूरच्या मराठी घरात वाटतो तितका साधा नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, तर शेजारच्या हिंदीभाषक घरातला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो; कृष्ण पक्षात मात्र ते एका नावाने पुढे असतात. म्हणूनच त्यांचे श्रावणी सोमवार आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतात, आणि जन्माष्टमी एकाच रात्री साजरी होऊनही आपल्याकडे ती श्रावण वद्य अष्टमी, तर त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी ठरते. शेजारच्या काकूंनी ‘सावन लागला तेव्हा जांभळे संपली होती’ असे सांगितले आणि आपण ते तसेच उतरवून घेतले, की नोंद पंधरवड्याने चुकलीच.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, आणि ही तूट अधिक मास घालून भरून काढली जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. त्याचा परिणाम असा, की रंगपंचमी २०२३ मध्ये १२ मार्चला होती आणि २०२४ मध्ये ३० मार्चला. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघते त्या दिवशी पळस ऐन भरात होता की उतरणीला लागला होता, हे पाहून ‘यंदा पळस लवकर आला’ असे कोणी म्हणू लागले, तर आधी पंचांग तपासावे. बहुधा सण हललेला असतो, झाड नव्हे. तेव्हा मुख्य नोंद इंग्रजी तारखेने करावी आणि तिथी बाजूला लिहावी. तिथी अजिबात गाळू नये, कारण घरातल्या मोठ्यांच्या आठवणी तिथीलाच बांधलेल्या असतात आणि त्यांना विचारायचे तर ‘नागपंचमीच्या सुमारास’ असेच विचारावे लागते.

झाडे तीनच निवडावीत, आणि तीही रोजच्या वाटेवरची. माझी बहावा, पिंपळ आणि अंगणातला पारिजातक ही आहेत. पहिल्या वर्षी मी अकरा झाडे धरली होती. मार्चनंतर त्यातल्या आठांकडे फिरकले नाही. बागेतून तोडून काही आणू नये, खाली पडलेले पुरते.

आता दाबण्याविषयी. पारिजातकाचे उदाहरण घेते, कारण त्यात सगळ्या चुका होऊ शकतात. सकाळी वेचलेली फुले दवाने ओली असतात. ती अर्धा तास पंच्यावर पसरून ठेवावीत. मग रद्दीच्या चार घड्यांवर एक कोरा कागद ठेवून फूल उपडे मांडावे आणि सुईच्या टोकाने पाकळ्या एकेक मोकळ्या कराव्यात, म्हणजे त्यांचा भोवऱ्यासारखा पीळ दिसतो. वर पुन्हा कोरा कागद, पुन्हा रद्दी, आणि हे सगळे दोन पाटांच्या मध्ये ठेवून त्यावर वरवंटा. पहिले चार दिवस रद्दी रोज बदलावी. ओल आत राहिली तर नमुना काळा पडतो. पाकळ्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ आणि तपकिरी होतात, त्याला इलाज नाही. देठ मात्र टिकतो. माझ्याकडचा २०२१ चा देठ आजही केशरी आहे. त्यातले रंगद्रव्य केशरातल्या रंगद्रव्याच्याच कुळातले असते, आणि पूर्वी या देठांनी कापड रंगवीत. पिंपळाच्या पानाला आठवडा पुरतो. पळसाचे फूल मांसल असल्यामुळे अख्खे दाबू नये. पाकळ्या सुट्या करून दाबाव्यात.

चिकटवण्यासाठी कणकेची खळ वापरू नये. मी ती हौसेने वापरली आणि पावसाळ्यात कसरीने दोन महिन्यांची पाने चाळणीसारखी करून ठेवली. कागदाच्या बारीक पट्ट्या नमुन्यावर आडव्या ठेवून फक्त त्यांची टोके पांढऱ्या डिंकाने चिकटवावीत. नमुन्याला डिंक लागू देऊ नये. जून ते सप्टेंबर वही भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये, आणि दिवस उघडा मिळाला की पाने फडफडवून वारा द्यावा, ऊन नव्हे. उन्हाने रंग उडतो.

चित्र काढता येत नाही, ही सबब मी वर्गात स्वीकारत नाही आणि येथेही नाही. पाच मिनिटे पानाची कड डोळ्यांनी चालत जावे आणि पेन्सिल तिच्या मागोमाग न्यावी. चित्र सुंदर होणार नाही, पण पिंपळाच्या टोकाची शेपटी पानाच्या जवळजवळ एकतृतीयांश लांब असते हे हाताला कळते, आणि मग ते विसरले जात नाही.

नोंद त्याच संध्याकाळी व्हावी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि पुढे मंदावतो, असे त्यांना आढळले. रविवारी बसून आठवड्याचे लिहू म्हणणाऱ्याच्या हाती म्हणूनच फारसे काही उरत नाही. तीन ओळी पुरतात: झाडाची स्थिती, हवा, आणि नाकाला किंवा जिभेला जाणवलेली एक गोष्ट. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू हा कंद पहिल्यांदा तळताना दिसला तो दिवस, घरी भुट्ट्याचा कीस पहिल्यांदा झाला तो दिवस, मे महिन्यातही रात्री गच्चीवर चादर लागली तो दिवस. माळव्याच्या रात्रींची कीर्ती आपण सगळेच सांगतो. चादर लागलेल्या रात्री माझ्या वहीत मात्र अपेक्षेपेक्षा कमी निघाल्या.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. नवी पट्टी लिहिण्याआधी वरच्या पट्ट्या वाचू नयेत. पोस्टकार्डाने झाकून ठेवाव्यात. मागच्या वर्षी ‘मोहोर दाट’ असे वाचले, की यंदाचाही दाटच दिसू लागतो. आधी लिहावे, मग कार्ड सरकवावे.

सुरुवातीला १ जानेवारीची वाट पाहू नये. चालू आठवड्याचे पान उघडून तेथूनच लिहू लागावे. मध्ये खंड पडेलच. माझ्या वहीत २०२२ च्या फेब्रुवारीचे तीन आठवडे रिकामे आहेत, आईच्या दुखण्यात घराबाहेर पडणेच झाले नव्हते. पिंपळाने त्या वर्षी पाने केव्हा ढाळली हे आठवून लिहिण्याचा मोह मला अनेकदा झाला, आणि तारीखसुद्धा अगदी स्पष्ट आठवत होती. बहाव्याचीही तशीच आठवत होती. ती जागा कोरी ठेवली आहे.