आरोग्याची माहिती कानापर्यंत: सीमाभागात मराठी-कन्नड ऑडिओ क्लिप कशी कराल?

पावसाळ्यात खानापूरकडच्या वाड्यांवर किंवा निपाणीच्या गल्लीत जुलाबाची साथ येते, तेव्हा हातात पडणारं पत्रक बहुतेकदा कन्नडमध्ये असतं. मराठी शाळेत शिकलेल्या आजीला ते वाचता येत नाही. जिला शाळाच मिळाली नाही, तिला कुठल्याच भाषेतलं वाचता येत नाही. ऐकू मात्र दोघींना येतं.

आधी विषय एकच घ्या. समजा, ‘जुलाबात ओआरएस कसं द्यावं’. क्लिप दीड मिनिटात संपवा.

मग आशाताई आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून मुद्दे तपासून घ्या. ओआरएसचं पाकीट अख्खं फोडायचं, अर्धं ठेवायचं नाही. मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी, छोटं २०० मिलीसाठी. पाकिटावर लिहिलेलं पाहूनच कालवायचं. पाणी उकळून गार केलेलं. उरलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं. मुलाला उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पाजायचं. डॉक्टरांनी दिलेली झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायची. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, शौचातून रक्त पडलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, गाडीसाठी १०८.

‘तांब्याभर पाणी’ असं मात्र म्हणू नका, प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. ‘विकतची एक लिटरची पाण्याची बाटली भरून’ म्हणा.

भाषेवर सगळ्यात जास्त वेळ द्या. मराठी मजकुराचं शब्दाला शब्द कन्नड करू नका. घरात कन्नड बोलणाऱ्या एखाद्या अक्काला मुद्दे समजावून द्या आणि तिच्या पद्धतीनं बोलू द्या. ‘अतिसार’ घरात कोण म्हणतं? मराठीत जुलाब, कन्नडमध्ये भेदि, उर्दू बोलणाऱ्या घरांत दस्त. आपला ताप कन्नडमध्ये ज्वर होतो, मधुमेहाला तिथे सक्करे कायिले म्हणतात. प्रत्येक भाषेची फाइल वेगळी ठेवा. सरमिसळ केली की ऐकणारा मधेच सोडून देतो.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद करा, गोधड्या-कपड्यांच्या खोलीत बसा, फोन तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला धरा. सुरुवातीलाच गावाचं नाव, महिना आणि वर्ष बोला, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप वर्षानुवर्षं फिरत राहते.

पाठवण्याआधी दोन-तीन बायकांना ऐकवा. ‘समजलं का?’ विचारू नका; भिडेपोटी सगळ्या हो म्हणतात. ‘काकू, आता तुम्हीच मला सांगा, पाकीट कसं कालवायचं?’ असं विचारा. काकू ‘अर्धं पाकीट’ म्हणाल्या, तर चूक क्लिपची आहे. ते वाक्य बदला, पुन्हा बोला, पुन्हा ऐकवा. ही पायरी कंटाळून गाळू नका. चुकीचं कालवलेलं ओआरएस लेकराला अपाय करू शकतं.

ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांच्यासाठी अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीत, सकाळी दूध डेअरीच्या रांगेत क्लिप वाजवा. तिथे दोन्ही भाषा एकामागोमाग लावा. आज मराठी आधी लावली असेल, तर उद्या कन्नड आधी लावा.