घरचा माणूस पंच कमिटीत आणि सही तुमची: देवस्थानाचा हिशेब मागण्याआधी काय करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कित्येक गावांत देवस्थानाची पंच कमिटी दोन-तीन भावक्यांतच फिरते. चुलता अध्यक्ष, पुतण्या खजिनदार, दानपेटीची किल्ली मामाकडं. पैसा गेला तर तो घरातूनच जातो, आणि त्यावर पांघरूण घालायला सहीसुद्धा घरातल्याच पोराची लागते. "कर की रे सही, आपलंच देवस्थान हाय," म्हणत वही पुढं येते. काय करायचं ते आधीच ठरलेलं नसेल तर त्या क्षणी सही होऊनच जाते.

काका खरोखर अडचणीत असतील, दवाखाना असेल, पोरीचं लग्न असेल, तर स्वतःच्या खिशातून जमेल तेवढे द्या. सही मात्र देऊ नका. बँकेच्या चेकवर किंवा ताळेबंदावर तुमचं नाव असलं की "मला कुणी दाखवलंच नव्हतं" हे उत्तर पुढं फारसं टिकत नाही.

हिशेब मागायच्या आधी स्वतःच्या घरचे कागद बघा. घाईत हीच पायरी सुटते आणि तिचाच फटका मोठा बसतो. शेत अजून सामाईक असेल, उताऱ्याच्या नवव्या कॉलमात काका आणि वडील दोघांची नावं असतील, तर देवस्थानाचं भांडण वाटणीत उतरतं. बांधावरची वाट अडते, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकवली जाते. म्हणून वारसा नोंद, वाटणीपत्र, शेताकडं जाण्याची वाट हे आधी मार्गी लावा. त्याला वर्ष लागलं तरी चालेल. तेवढ्या काळात सही टाळता येते, हिशेबाच्या प्रतीही जमवता येतात. घरची पट्टी, म्हणजे देवस्थानाची घरटी वर्गणी, थकली असेल तर ती भरून पावती घ्या. थकबाकीदाराला भर बैठकीत पहिल्याच वाक्याला गप्प बसवतात.

आता देवस्थान कोणत्या प्रकारचं आहे ते शोधा. मुजराई खात्याच्या, म्हणजे देवळांचा कारभार बघणाऱ्या कर्नाटक सरकारच्या खात्याच्या, यादीत असेल तर तहसीलदार कचेरीत त्याची फाईल असते. तिथं कर्नाटकचा 1997 चा हिंदू धार्मिक संस्थांचा कायदा लागतो, त्याची अंमलबजावणी 2003 पासून आहे. वर्षाचं उत्पन्न 25 लाखांच्या वर असेल तर अ गट, 5 ते 25 लाख ब, त्याखाली क. दुसरा प्रकार जुन्या नोंदणीकृत ट्रस्टचा. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, म्हणून जुनी नोंद 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली सापडते. तो दाखला आणि त्यावरची मूळ मिळकतींची यादी मिळवाच, कारण नंतर नाहीशी झालेली जमीन तिथंच दिसते. तिसरा प्रकार सगळ्यांत धोक्याचा: नोंदणीच नाही आणि बँकेतलं खातं दोन पंचांच्या वैयक्तिक नावावर. त्यात तुमचं नाव असेल तर व्याज तुमच्या पॅनवर दिसू शकतं, आणि दुसरा पंच वारला की त्याचे वारस त्या पैशावर हक्क सांगायला मोकळे.

मोबाईलवर वाचून कोल्हापूरच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज देणारे बरेच आहेत. महाराष्ट्राच्या त्या कार्यालयाला सीमेच्या अलीकडच्या देवळावर काही अधिकार नाही. हिशेब मागितला म्हणून गावानं वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही इथं लागत नाही.

पैसा कुठं मुरतो हे बघायला लक्ष्मी यात्रेचा हिशेब घ्या. गावात 640 घरं आणि घरटी 5,000 रुपये पट्टी ठरली, तर 32 लाख जमा दिसायला हवेत. कमी असतील तर न भरलेल्या घरांची यादी मागा. तोंडी सांगितलेली यादी धरू नका. पावती पुस्तकात मागं राहणाऱ्या नुसत्या स्थळप्रती तपासून भागत नाही, कारण एकाच क्रमांकाची दोन पुस्तकं छापून घेता येतात. छापखान्याचं बिल मागा: किती पुस्तकं, कोणत्या क्रमांकापासून कुठपर्यंत. मग दहा-बारा घरांतल्या मूळ पावत्या स्थळप्रतींशी ताडून बघा. कार्बन न घालता फाडलेली पावती इथंच सापडते. दुकानांच्या जागेचं भाडं आणि ओटीतल्या साड्यांचा लिलाव ही जमा बहुतेक वेळा वहीत येतच नाही.

सोन्या-चांदीचं काम जास्त बारकाईचं आहे. ओटीत आलेले मणी, डोरली, मोडीचं सोनं वितळवण्याआधी एकूण वजन आणि खडे-लाख वगळून निव्वळ वजन, दोन्ही लिहून पंचांच्या सह्या घ्या. वितळवल्यावर पुन्हा वजन करा, घट किती आली ते लिहा. लाकडी मुखवट्यावर किंवा चौकटीवर चांदीचा पत्रा मढवायचा असेल तर वजन मढवण्याआधीच झालं पाहिजे. एकदा खिळे ठोकले की पत्रा किती भरला हे उकलल्याशिवाय कळत नाही, आणि देवाचं काम उकलायला कुणी तयार होत नाही. पाच किलोचं बिल आणि साडेतीन किलोचा पत्रा यांतला फरक तिथं कायमचा झाकला जातो. दानपेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या घरांत, आणि मोजणीचा पंचनामा नोटांच्या प्रकारानुसार त्याच जागी लिहा. नाणी तोलू नका, हातानं मोजा. एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या वजनाची असतात.

ठरावाची वही मराठीत आणि कचेरीत दिलेला कागद कन्नडमध्ये, असं इकडं सर्रास असतं. दोन्ही शेजारी ठेवून जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. मराठीत "मंडप दुरुस्ती" आणि कन्नड प्रतीत जागा भाड्यानं देण्याची संमती, असा फरक निघू शकतो. स्वतःला न वाचता येणाऱ्या लिपीखाली सही करू नका, पुढं सख्खा भाऊ बसला असला तरी.

नकार एकट्या काकांना, घरात, उजेडी द्या. चारचौघांत दिलात तर त्यांना माघार घ्यायला जागा उरत नाही. "काका, तुमच्यावर राग नाही. पण हिशेब बघितल्याशिवाय माझी सही होणार नाही." एवढंच बोला, आरोप करू नका. न ऐकल्यास राजीनामा लेखी द्या, पोस्टानं पाठवून पोचपावती ठेवा. बँकेलाही त्याच दिवशी कळवा की आजपासून माझी सही चालणार नाही. कमिटीला राजीनामा दिला आणि बँकेला कळवलं नाही, तर कोरे सही केलेले चेक मागं जिवंत राहतात.

पुढं जायचंच असेल तर मुजराईच्या देवस्थानासाठी तहसीलदारांकडं माहिती अधिकार अर्ज: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत लागतो, म्हणून जमीन आणि जमाखर्च यांचे दोन अर्ज करा. जमिनीवरचा बोजा उपनोंदणी कार्यालयाच्या दाखल्यात दिसतो. सार्वजनिक ट्रस्टसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 92 आहे: हितसंबंध असलेले दोघे जण न्यायालयाच्या परवानगीनं दावा लावू शकतात. तो दुसरा माणूस शक्यतो दुसऱ्या भावकीचा शोधा, नाहीतर गाव त्याला वाटणीचं भांडण समजतं. पोलिसांत जायचं तर गुन्हेगारी विश्वासघात, भारतीय न्याय संहितेचं कलम 316. त्यानंतर काकांना अटक होऊ शकते आणि तक्रार मागं घेणं तुमच्या एकट्याच्या हातात राहत नाही, हे फिर्याद देण्याआधी घरात मोकळेपणानं बोला.

मुख्य म्हणजे आईला आणि बायकोला विचारा. हळदीकुंकवाचं बोलावणं आधी त्यांचं बंद होतं, नळावर त्यांच्याशी बोलणं तुटतं. कागद तुम्ही लिहिता आणि रोजची किंमत त्या मोजतात. त्यांचा होकार नसेल तर राजीनाम्यापर्यंतच थांबा. तेवढ्यानंही तुमची सही सुटते, त्यात कमीपणा नाही. लग्नसराई चालू असेल तर ती जाऊ द्या. यात्रेनंतर बिलांच्या प्रती जमवायला मात्र फार थांबू नका, मंडपवाल्याची बिलं महिन्या-दोन महिन्यांत गहाळ होतात.

सगळ्या कागदांच्या दोन प्रती करा, एक बहिणीच्या किंवा मामाच्या गावी ठेवा. यात्रेच्या दिवशी ओटी नेहमीसारखी घेऊन जा, रांगेत उभे राहा. गाभाऱ्यापाशी काका दिसले तर वाकून नमस्कार करा, आणि हिशेबाचा शब्द तिथं काढू नका.