जुना कन्सोल कुठल्या देशातला ते ओळखा, प्लग नंतर लावा

व्हिडिओ गेमचा जुना कन्सोल हातात आला की लगेच लावून बघायची खुमखुमी येते, ती आवरा. आधी उलटा करून खालचं लेबल वाचा. एचव्हीसी-००१ असेल तर निन्टेंडो कंपनीचा जपानमधला १९८३चा फॅमिकॉम, नंबर एनईएसने सुरू होत असेल तर त्याचंच बाहेरच्या देशांसाठी काढलेलं रूप, एनईएस. आणि ह्युंदाई कॉम्बॉय असं काही दिसलं तर डुप्लिकेट समजू नका हां, कोरियात जपानी मालावर बंधनं होती म्हणून निन्टेंडोचाच एनईएस तिथे ह्युंदाईच्या नावाने विकला गेला, तसंच सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीच्या मशीनवर सॅमसंगचं नाव. रशियातला डेंडी मात्र खरोखर क्लोन, म्हणजे नक्कल.

आता अडॅप्टर. पिन बसते म्हणजे चालतो असं अजिबात नाही, मी एकदा हेच समजून फॅमिकॉमला एनईएसचा अडॅप्टर लावला आणि फट् आवाज, जळका वास, खेळ खल्लास. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतं आणि प्लगचा मधला भाग निगेटिव्ह, अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर देतो ९ व्होल्ट एसी. शार्पचा ट्विन फॅमिकॉम (१९८६, डिस्क ड्राइव्ह आतच) तर ७.६ व्होल्ट मागतो, तो आकडा दुसरीकडे सहसा दिसत नाही. अडॅप्टरवर गोलात ठिपका असलेलं चिन्ह असतं, ठिपक्याची रेघ मायनसकडे जाते का प्लसकडे ते बघा, आणि मल्टिमीटर असेल तर तो लावाच, लेबलं बदललेली असतात.

कार्ट्रिजच्या (म्हणजे गेमच्या कॅसेटच्या) पिना सरळ मोजा. फॅमिकॉमला ६०, एनईएसला ७२, मधे कन्व्हर्टर लागतो. सुपर निन्टेंडोचं (एनईएसनंतरचा कन्सोल) गंमतशीर आहे, जपानी कार्ट्रिज अमेरिकन मशीनमधे जात नाही ती फक्त स्लॉटमधल्या दोन प्लॅस्टिकच्या खुंट्यांमुळे, लॉकआउट चिप (परकी कार्ट्रिज अडवणारी) दोन्हीकडे एकच. युरोपच्या मशीनची चिप वेगळी, तिथे नुसत्या खुंट्या तोडून काही होणार नाही.

पिक्चर आलं नाही की लोक मशीन खराब म्हणून मोकळे होतात. जुन्या फॅमिकॉमला फक्त आरएफ (टीव्हीच्या अँटेनातून जाणारा सिग्नल) आहे आणि तो जपानच्या चॅनल १ किंवा २ वर येतो, बाकी बऱ्याच ठिकाणी तिथे एफएम रेडिओ असतो, मग टीव्हीला सापडणार कसा? एनटीएससी (जपान-अमेरिकेतली सिग्नल पद्धत) टीव्ही असेल तर केबल मोडला टाकून ९५ किंवा ९६ वर शोधा.

आणि चित्र आलं पण काळंपांढरं, तर ब्राझीलमधे टेकटॉय कंपनीने काढलेला सेगा आहे का बघा. तिथलं सिग्नल पाल-एम, म्हणजे ६० हर्ट्झ पण रंगाची पद्धत वेगळी, साध्या एनटीएससी टीव्हीवर रंग उडतात. मशीनमधून आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे सिग्नल) काढून ते घेणाऱ्या टीव्हीला दिलं की रंग येतात, तोवर उगाच आतली कॅपॅसिटरं बदलत बसू नका.