ड्रमच्या बुडाची शोभेची ढाल

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी किंवा बैठकीच्या भिंतीवर टांगायला काही घडवायचं असेल, तर सुरुवात ढालीपासून करा. तलवारीला धार आली की 1959 चा शस्त्र कायदा आडवा येऊ शकतो. ढालीला ती कटकट नाही.

आधी पत्रा. जुन्या कूलरचं टिन विदर्भात घरोघरी पडलेलं असतं, पण त्यावर जस्ताचा थर असतो. ते तापवलं की निघणाऱ्या धुराने थंडी-ताप भरतो. त्यापेक्षा 200 लिटरचा तेलाचा ड्रम बरा. वरच्या बाजूला बुचांची दोन भोकं असतात, म्हणून बूड घ्या. पत्रा साधारण 1 मिमी जाड मिळतो. बंद ड्रमला ग्राइंडर किंवा गॅस लावू नका, आतली वाफ भडकते. भंगारात आधीच कापलेला मिळतो तो आणा. फवारणीच्या औषधाचा ड्रम फुकट मिळाला तरी नको.

रंग खरवडून 48 सेमी व्यासाचं वर्तुळ कापा आणि काठ कानशीने घासा. 48 सेमीची ढाल 44 च्या आसपास उतरते. बाकीचं ढालीच्या खोलगटपणात आणि काठाच्या दुमडीत जातं.

बाभळीच्या ओंडक्यात 12 सेमी रुंद, 2 सेमी खोल खळगा कोरा. पत्रा त्यावर धरून गोल तोंडाच्या हातोडीने काठापासून 3 सेमी आत ठोकायला लागा आणि गोल फिरत मध्याकडे या. प्रत्येक घाव आधीच्या घावावर अर्धा पडला पाहिजे. खरी गडबड इथेच होते. घाईने मध्यभागी जोरात ठोकलं की तिथला पत्रा ताणून पातळ होतो, आणि काठाला जागा न उरल्याने तो लाटेसारखा वळतो. लाट दिसली की लगेच लाकडी मोगरीने बसवा. तिची घडी पडून चेपली गेली, तर तो भाग पुढे तडकणारच. ठोकताना आवाज टणक येऊ लागला, हातोडी उसळू लागली, म्हणजे लोखंड कडक झालं. भट्टीत लाल करून राखेत सावकाश गार होऊ द्या. 6 सेमी खोली आली की थांबा. मग सपाट, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने बाहेरून हलके घाव देऊन खळगे मिटवा. कंटाळवाणं काम आहे, पण ढाल दिसते ती याच घावांमुळे.

काठात 4 मिमी तार घाला. त्यासाठी काठाची 10 मिमी पट्टी दुमडायला लागते, म्हणजे तारेच्या अडीचपट. कमी घेतली तर तार उघडी पडते.

जुन्या ढालींवरची चार फुलं, म्हणजे फुगीर चकत्या, नुसती शोभेची नसतात. मागच्या कड्यांचे खिळे त्यांच्याखालून जातात. पितळी स्टोव्हच्या टाकीतून 7 सेमीच्या चार चकत्या काढा. टाकी आधी सोड्याने धुवा, नाहीतर उरलेलं रॉकेल तापवताना पेट घेतं. पितळ मंद लाल करून पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं. चकत्या खळग्यात ठोकून फुगवा आणि ढालीला खाली सांगितलेलं तेल देऊन झालं की मध्यापासून सारख्या अंतरावर, 14 सेमी बाजूच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर बसवा. खिळे आरपार नेऊन मागे कड्या अडकवा. त्यांत जुन्या घुंगरमाळेचा चामडी पट्टा दुहेरी ओवा. मुठीखाली कापसाची छोटी गादी हवीच. पूर्ण ढाल दोन किलोच्या जवळ जाते, म्हणून तान्ह्या पोळ्यात लेकराच्या हाती द्यायची तर व्यास 30 सेमी ठेवा.

राहिलं जवसाचं तेल. फुलं बसवण्याआधी ढाल धूर येईल इतकी तापवून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. तीन हातांत काळसर झाक येते. जाड लावलं तर चिकट राहतं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. पावसाळ्यानंतर गंजाचे ठिपके दिसले, तर तिथे घासून तेलाचा आणखी एक हात द्या.