‘मिलिटरीत घाला, सरळ होईल’ म्हणण्याआधी

मुलगा साडेसतरा वर्षांचा झाला की अग्निवीरचा फॉर्म भरता येतो. नैराश्य, नशा किंवा स्वतःला इजा करून घेण्याचा इतिहास असेल, तर आधी उपचार पूर्ण होऊ द्या, फॉर्म नंतर. ट्रेनिंग सेंटरला अपुरी झोप, घर लांब, दिवसभर हुकूम; अर्धवट बरं झालेलं पोर तिथे पुन्हा कोसळू शकतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे भरती जवळ आली म्हणून गोळ्या बंद करणं. नैराश्याचं औषध एकदम तोडलं तर चक्कर, चिडचिड, निद्रानाश सुरू होतो आणि आजार उलटू शकतो. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असताना उन्हात १६०० मीटरचा सराव केला, तर घामाने पाणी कमी होऊन रक्तातलं लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं दिसलं की पळणं थांबवून लगेच हॉस्पिटल गाठा. मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अकॅडमी लावूच नका.

कागद आत्ताच जमवा: डिस्चार्ज कार्ड, निदान, औषधाचं नाव आणि मात्रा, शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २५ नुसार उपचाराच्या नोंदी मागण्याचा हक्क आहे. ‘फिट आहे’ एवढीच चिठ्ठी फारशी कामाची नाही. निदान नेमकं काय होतं, हेच पुष्कळ घरांना ठाऊक नसतं, आणि पुढचा निर्णय त्यावरच ठरतो. गंभीर मानसिक आजार किंवा फिट्स येऊन गेल्या असतील, तर मेडिकलमध्ये अनफिट होण्याची शक्यता फार मोठी आहे. हे मुलाला सरावाला लागण्याआधी सांगा, दोन वर्षं घाम गाळल्यावर नको.

एजंट म्हणेल, ‘काही सांगू नका, कळत नाही.’ ऐकू नका. भरतीच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं नंतर उघड झालं, तर आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४४ खाली कोर्ट मार्शल होऊन पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेडिकलला कपडे उतरवून तपासतात, त्यामुळे हातामांड्यांवरचे व्रण दिसतातच. डॉक्टरांनी विचारलं की मुलाने सरळ आणि थोडक्यात सांगावं. मेडिकलच्या आधी मोबाईलवर अनुकूलता चाचणी होते, म्हणजे लष्करी जीवनाशी मुलगा जुळवून घेईल का ते पाहतात. फोन चार्ज आणि डेटा पुरेसा ठेवा. उत्तरं पाठ करून जाण्यात अर्थ नाही.

अल्पवयात पोलीस केस झाली असेल आणि ती निकाली निघाली असेल, तर बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ प्रमाणे चारित्र्य दाखल्यासाठी ती नोंद पोलिसांनी उघड करायची नसते. सोळा वर्षांपुढच्या मुलाचा गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला असेल, तर गणित वेगळं. फॉर्ममधल्या ‘अटक झाली होती का’ या प्रश्नावर मनाने काही लिहू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना वकील मोफत मिळतो, त्याला दाखवा.

अठराच्या आतल्या उमेदवाराच्या कागदांवर आईवडिलांची सही लागते. ती करण्याआधी मुलाला एकट्याला विचारा, खरंच जायचंय का. दबावाखाली दिलेला होकार सही करू नये इतका कच्चा असतो.

अनफिट ठरला, तर त्याच दिवशी फेरतपासणीची पद्धत आणि मुदत लेखी विचारून घ्या. त्या रात्री मुलाला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं कुलपात ठेवा. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.