स्पर्धा कायद्याच्या खटल्यात अर्थतज्ज्ञ म्हणून अहवाल लिहिताय? या चुका टाळा

एका सिमेंट प्रकरणाचा डेटा मी पहिल्यांदा उघडला, तेव्हा एका डीलरला मार्चमध्ये उणे दराने गोण्या विकल्याचं दिसलं. कंपनी गोणीसोबत पैसे वाटत नव्हती. बिलं पूर्ण दराने फाटतात, सवलत मागाहून क्रेडिट नोटने येते आणि वर्षाचं टार्गेट गाठल्याचा डिस्काउंट मार्चअखेर एकदम पडतो. मी त्या ओळी 'विचित्र' म्हणून उडवल्या होत्या. म्हणजे बाजारात जी घासाघीस खरोखर झाली, तीच उडवली. सवलत ज्या महिन्यांच्या मालावर मिळाली, त्या महिन्यांत वाटून टाका. आणि एखाद्या शाखेचा दर बरोबर विसाव्या हिश्शावर दिसत असेल, तर कुणी टनाच्या रकान्यात गोण्या भरल्यात. पन्नास किलोच्या वीस गोण्यांचा एक टन. अशा वेळी रिग्रेशन (दर कशाकशामुळे किती बदलतो हे काढणारं संख्याशास्त्रीय गणित) बाजूला ठेवून कंपनीच्या अकाउंट्समधल्या माणसाजवळ अर्धा दिवस बसावं. उलटतपासणीत 'या ओळी का काढल्या?' हा प्रश्न हमखास येतो, आणि 'विचित्र दिसल्या' हे त्याचं उत्तर नव्हे.

दर करांशिवायचेच घ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करासकट दर घेऊन संगनमताच्या काळाची 'आधी आणि नंतर'शी तुलना केली, तर सरकारचा निर्णय कार्टेलच्या, म्हणजे संगनमताने भाव ठरवणाऱ्या कंपन्यांच्या, खात्यावर जमा होतो.

ही तुलना आणखी एका ठिकाणी फसते. चौकशी सुरू झाली त्याच दिवशी संगनमत संपलं, असं धरलं जातं. पण चढलेले दर सावकाश उतरतात. तो काळ 'स्वच्छ' मानला, की नुकसान आपोआप कमी निघतं. प्रतिवादीकडून काम करणाऱ्यांना हे ठाऊक असतं, एवढंच म्हणतो.

रिग्रेशनमध्ये काय घालायचं नाही, हेही पाहा. स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांना दंड ठोठावला, तेव्हा कारखान्यांची क्षमता पुरती न वापरणं हाही एक मुद्दा होता. आता मॉडेलमध्ये 'क्षमतेचा वापर' हे नियंत्रण म्हणून, म्हणजे ज्याचा परिणाम वजा करायचा असा घटक म्हणून, टाकलंत, तर ज्या गोष्टीचा आरोप आहे तीच तुम्ही वजा केलीत. कार्टेलचा गुणांक, म्हणजे कार्टेलमुळे दर किती चढला तो आकडा, अचानक शून्याकडे गेला, तर आधी या घटकांची यादी तपासा.

दर सारखे म्हणजे संगनमत, असं लिहायची घाई नको. एफसीआयच्या (भारतीय अन्न महामंडळाच्या) २००९ च्या टेंडरमध्ये धान्यात टाकायच्या गोळ्यांसाठी तीन कंपन्यांनी किलोला ३८८ रुपये असाच भाव भरला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला. पुढच्याच वर्षी गॅस सिलिंडरच्या प्रकरणात मात्र, भाव सारखे असूनही, पुरवठादार सुटले. तिथे खरेदीदार मोजकेच, सिलिंडर ठरावीक मापाचा, आणि दर शेवटी तेल कंपनीच वाटाघाटीत ठरवणार. टेंडर कसं चालतं हे न सांगता नुसता आलेख लावला, तर दोन्ही प्रकरणं एकसारखीच दिसतील.

बाजारपेठ, म्हणजे कोणता माल कोणत्या मालाशी स्पर्धा करतो ते, ठरवताना १९५६ चा अमेरिकेतला ड्यू पॉन्टचा खटला आठवावा. सेलोफेनमध्ये कंपनीचा वाटा पाऊणशे टक्क्यांच्या आसपास; पण सगळं लवचीक पॅकिंग एकाच बाजारात धरलं, की तो २० टक्क्यांच्याही खाली. न्यायालयाने मोठा बाजार धरला. खोच अशी, की मक्तेदाराने भाव आधीच ताणलेला असेल, तर त्या भावाला लोक मेणकागदाकडे वळणारच. म्हणून कलम ४ च्या, म्हणजे बाजारातल्या वर्चस्वाच्या गैरवापराच्या, प्रकरणात, आजच्या दरावर पाच टक्के चढवून गिऱ्हाईक पळतं का बघणं, ही चाचणी आंधळेपणाने लावू नका. विलीनीकरणात, म्हणजे पुढे काय होईल हा प्रश्न असेल तेव्हा, आजचा दर सहसा चालतो.

आता सर्वांत महागडी चूक. अमेरिकेत फिलाडेल्फिया परिसरातल्या केबल ग्राहकांनी कॉमकास्ट या केबल कंपनीविरुद्ध भरपाई मागितली. नुकसान कसं झालं याची चार कारणं मांडली होती. न्यायालयाने सामूहिक दाव्यासाठी एकच चालू ठेवलं. तज्ज्ञाचा सुमारे ८७.५ कोटी डॉलरचा आकडा मात्र चारही कारणं एकत्र धरून काढलेला, आणि त्यातून एकट्या कारणाचा वाटा वेगळा निघेना. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सामूहिक दाव्याची मान्यता त्यावरच अडली. गणित चुकलं म्हणून नव्हे, ते दुसऱ्याच खटल्याचं होतं म्हणून. तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रत्येक आरोपाला वेगळा रकाना ठेवा, आणि वकिलांनी तक्रार बदलली की तुम्हाला कळवायचं, हे लेखी ठरवून घ्या. ते विसरतात.

सादर करण्याआधी प्रकरण न पाहिलेल्या सहकाऱ्याला मूळ डेटा देऊन एखादा तक्ता पुन्हा काढायला सांगा. शब्दाने मदत करू नका. जिथे तो अडून फोन करेल, तिथला परिच्छेद पुन्हा लिहा.