नाताळच्या सुट्टीत युरोप: उन्हाळ्याचा प्लॅन डिसेंबरला चालत नाही, या चुका टाळा

गणपतींचं विसर्जन झालं की एक प्रश्न हमखास येतो. "नाताळची दहा दिवस सुट्टी आहे. दोन मुलं, सोबत आई-बाबा. प्राग, व्हिएन्ना, साल्झबर्ग, म्युनिक आणि जमलं तर पॅरिस. प्लॅन कसा वाटतो?" प्लॅन मे महिन्यातला वाटतो. बहुतेक वेळा तो कुणाच्या तरी उन्हाळ्यातल्या रीलवरून उचललेला असतो, फक्त तारखा बदललेल्या असतात. जूनमध्ये प्रागला रात्री नऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरअखेर तिथे सकाळी आठला उजाडतं आणि दुपारी चारला सूर्य मावळतो. पॅरिसला तर उजाडायलाच पावणेनऊ होतात. म्हणजे दिवसाला आठ तास, तेही ढगाळ. त्यात सकाळी सहा माणसांची आंघोळ-नाश्ता उरकून बाहेर पडायला दहा वाजतात, हे धरा आणि मग यादीतली ठिकाणं मोजा.

२४ डिसेंबरला गाव बदलणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही, आणि ती दरवर्षी कुणीतरी करतंच.

आपल्या डोक्यात ख्रिसमस म्हणजे रोषणाई, बाजार, रस्त्यावर गर्दी. ते सगळं असतं, पण बहुतेक ठिकाणी २३ तारखेपर्यंत. जर्मनी आणि ऑस्ट्रियात खरा सण २४च्या संध्याकाळी घराघरांत असतो. दुकानं त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत बंद होतात. २५ आणि २६ दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. रविवारीही तिथे दुकानं बंदच असतात, त्यामुळे तारखेबरोबर वारही बघावा लागतो. २०२६ मध्ये २४ला गुरुवार आहे. गुरुवारी दुपारी बंद झालेलं सुपरमार्केट शुक्रवार, शनिवार, रविवार ओलांडून थेट सोमवारी २८ला उघडेल. पुण्यातली एक ते चार परवडली! चेकमध्ये नियम जरा सैल आहे: २०० चौरस मीटरहून मोठी दुकानं २४ला दुपारी बारानंतर आणि २५-२६ला बंद, छोटी उघडी राहू शकतात, आणि रविवारी बंद ठेवण्याची सक्ती नाही.

आता ठरलेला प्रसंग बघा. कुटुंब २४ला दुपारी व्हिएन्नाहून गाडीत बसतं आणि अडीच तासांनी साल्झबर्गला उतरतं. तोवर अंधार. "किचन आहे, घरचं जेवू" म्हणून घेतलेलं अपार्टमेंट. सामान टाकून बाबा दूध-ब्रेड आणायला निघतात. पहिलं दुकान बंद, दुसरं बंद. बस सुट्टीच्या वेळापत्रकावर, म्हणजे बराच वेळ थांबा. रेस्टॉरंटमध्ये दिवे दिसतात, पण टेबलं आधीच बुक झालेली, किंवा त्या रात्रीचा ठरावीक मेनू, ज्यात आजीला चालेल असं सूपसुद्धा नाही. शेवटी स्टेशनातल्या दुकानातून गार सँडविच आणि चिप्स घेऊन बाबा परततात आणि परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवलेले ठेपले त्याच रात्री संपतात.

यावर उपाय एकच: २२च्या दुपारपासून २७च्या सकाळपर्यंत एका मोठ्या शहरात मुक्काम ठोका आणि हलू नका. आमची पसंती व्हिएन्नाला. तिथे मोठ्या स्टेशनांतली काही सुपरमार्केट सुट्टीच्या दिवशीही उघडी असतात (रांग लागते, तयारी ठेवा) आणि शॉनब्रुन राजवाडा वर्षाचे ३६५ दिवस उघडा असतो. या पाच रात्री शक्यतो नाश्ता धरून हॉटेल घ्या. अपार्टमेंटच हवं असेल तर २३च्या संध्याकाळी खरेदी उरका: दूध, दही, ब्रेड, लोणी, अंडी, तांदूळ, कांदे-बटाटे-टोमॅटो, केळी, आणि लहान मूल असेल तर डायपरचं एक जास्तीचं पाकीट. २४च्या रात्रीचं टेबल भारतातूनच बुक करा. "तिथे गेल्यावर बघू" हे वाक्य या एका रात्रीपुरतं तरी मनातून काढून टाका.

मार्गाची दिशाही यावरूनच ठरते. म्युनिकच्या मारिएनप्लाट्झवरचा नाताळ बाजार २४ला उठतो, न्यूरेंबर्गचाही. व्हिएन्नात राटहाउससमोरचा (म्हणजे नगरभवनासमोरचा) २६पर्यंत चालतो. प्रागच्या जुन्या चौकातला ६ जानेवारीपर्यंत. म्हणून म्युनिक आधी, मधे व्हिएन्ना, शेवटी प्राग. साल्झबर्ग म्युनिक-व्हिएन्ना मार्गावरच आहे, तिथे एक रात्र थांबता येतं. उलट दिशेने जाणारे लोक २७ला म्युनिकला पोहोचतात आणि रिकाम्या चौकात फोटो काढतात. पाच शहरांचा हट्ट असेल तर पॅरिस दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. दहा दिवसांत तीन शहरं, चौथं जाता-येता. यापेक्षा जास्त हवं असेल तर मुलांना युरोप फक्त स्टेशनांमधून दिसेल.

बंद असण्याच्या तारखाही टिपून ठेवा. जर्मनीतला नॉयश्वानस्टाइनचा किल्ला २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद. एरवी हिवाळ्यात दहा ते चार. तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि पायथ्यापासून चढून जायला अर्धा ते पाऊण तास लागतो, आजी-आजोबांसोबत त्याहून जास्त. वेळ चुकली की तिकीट गेलं. ज्या पुलावरून तो प्रसिद्ध फोटो निघतो तो बर्फ साचला की बंद करतात. पॅरिसला जाणार असाल तर लूव्र संग्रहालय २५ डिसेंबर, १ जानेवारी आणि दर मंगळवारी बंद. लंडन जोडत असाल (व्हिसा वेगळा!) तर २५ला तिथे ट्यूब (मेट्रो), बस, रेल्वे काहीच धावत नाही.

मोठ्या बॅगा

विमानात प्रत्येकी २३ किलो चालतात म्हणून प्रत्येकी २३ किलो भरायचे, ही आपली जुनी खोड. विमानापुरतं ठीक आहे. पण पुढे रेल्वे आहे, आणि युरोपात स्टेशनावर हमाल मिळेल या भरवशावर राहू नका. गाडी वाटेतल्या स्टेशनात दोन-तीन मिनिटं थांबते. जुन्या डब्यांना उंच पायऱ्या असतात. प्रागच्या जुन्या भागात रस्ते दगडी फरशांचे. बॅगेची चाकं तिथेच निखळतात, आणि बर्फाच्या चिखलात तर बॅग ओढतच नाही.

सहा जणांना चार मध्यम बॅगा पुष्कळ. परीक्षा सोपी आहे: भरलेली बॅग आपल्या इमारतीच्या जिन्याने दोन मजले न थांबता वर नेता आली पाहिजे. नाही आली तर सामान काढा. दर तीन-चार दिवसांनी कपडे धुतले तर थर्मलचे दोन जोड प्रत्येकी पुरतात. हीटरजवळ रात्रीत वाळतात. हीटरच्या वर मात्र टाकू नका.

फलाटावर दोन गोष्टी आधी बघा. तुमचा डबा फलाटाच्या कोणत्या अक्षरासमोर येतो (ए, बी, सी असे भाग केलेले असतात), आणि तो डबा कुठपर्यंत जातो. काही गाड्यांचे वाटेत दोन भाग होतात आणि प्रत्येक भाग वेगळ्या गावी जातो. "आत चढा, मग आतून चालत जाऊ" हा शहाणपणा तिथे नडतो, कारण दोन गाड्या एकमेकींना जोडून केलेल्या गाडीत एका भागातून दुसऱ्यात जाताच येत नाही. चढताना क्रम पक्का ठेवा: एक मोठा माणूस आधी, मग मुलं, मग आजी-आजोबा, मग हातोहात बॅगा, आणि दुसरा मोठा माणूस सगळ्यांत शेवटी. दोन्ही मोठे आधी चढले आणि मूल फलाटावर राहिलं, असं होता कामा नये. एका मोठ्याने शेवटपर्यंत खाली राहायचं.

आणखी एक. ऑस्ट्रिया-जर्मनीत तिकीट आणि सीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकिटावर सीट नंबर नसेल तर सीट तुमची नाही. २१ ते २३ आणि २७ डिसेंबर या दिवशी रिझर्व्हेशनशिवाय कुटुंबासोबत चढणं म्हणजे चार तास दाराजवळ बॅगेवर बसणं. युरोपभर रेल्वेचं वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं, त्यामुळे त्यानंतरची तिकिटं बरेचदा ऑक्टोबरच्या आसपास विक्रीला येतात. ऑगस्टमध्ये वेबसाइटवर गाडी दिसली नाही म्हणून घाबरून विमान बुक करणारे बरेच आहेत.

जाड जॅकेट आणि आत सुती बनियन

"सगळ्यांत जाड जॅकेट घेतलंय, बाकी काही लागणार नाही." लागतं. व्हिएन्ना-प्रागला डिसेंबरात तापमान शून्याच्या आसपास असतं, ते फार भयंकर नाही. त्रास देतो तो वारा, ओल, आणि आत-बाहेर करणं. मेट्रोत, संग्रहालयात, दुकानात हीटिंग जोरात असतं. जाड जॅकेटखाली सुती कपडे घामाने ओले होतात, सुती कापड ओल धरून ठेवतं, आणि बाहेर आलं की तीच ओल अंगाला गार लागते. म्हणून आत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं, कमरेखाली येणारं, टोपीचं जॅकेट. आत शिरताच वरचे दोन थर उतरवायचे. मुलांचे तर आधी.

बुटांवर पैसे वाचवू नका. घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे, खाली खोल नक्षी असलेले रबरी सोल. अर्धा नंबर मोठे घ्या आणि आत एकच लोकरी मोजा. दोन-दोन मोजे कोंबले की बूट घट्ट होतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात. बूट निघायच्या आधी दोन आठवडे घरी घालून फिरा. साडीच नेसणाऱ्या आज्यांना परकराखाली थर्मल लेगिंग आणि पायात हेच बूट, छान जमतं. बाबागाडीतलं मूल हालचाल करत नाही, म्हणून त्याला तुमच्यापेक्षा एक थर जास्त लागतो. ढकलणाऱ्याला गरम होतंय यावरून मुलाचा अंदाज बांधू नका.

बाकीच्या, थोडक्यात

व्हिसा: अर्ज सहा महिने आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५पर्यंतही जाऊ शकतात. नोव्हेंबरात अपॉइंटमेंट शोधणाऱ्यांबद्दल सहानुभूती नाही. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. "अमक्या देशाचा पटकन मिळतो" म्हणून खोटी बुकिंग दाखवणं हा शॉर्टकट नाही, पुढच्या व्हिशालाही लागणारी कीड आहे. प्रवासातल्या आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोचा.

तिकीट पंच करणं: प्रागला कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात, व्हिएन्नात निळ्या पेटीत. विकत घेतलं पण पंच केलं नाही म्हणजे विनातिकीट. तपासनीस साध्या कपड्यांत असतो आणि "आम्ही टुरिस्ट" हे त्याने रोज ऐकलेलं असतं.

पैसे: चेकमध्ये कोरुना चालतो. कार्ड मशीनने "रुपयांत देऊ का?" विचारलं तर नेहमी नाही, स्थानिक चलन निवडा. प्रागमध्ये रस्त्यावरच्या काउंटरवर फसवा दर मिळाला तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत, पावती दाखवून, रद्द करता येतो. निघायच्या आधी कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करा.

खाऊ: बाहेरून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, पनीर घरी ठेवा. ताज्या मिरच्या आणि कढीपत्ताही नाही. नारळ, केळी, खजूर चालतात. लहान बाळाची दूध पावडर चालते. सुका बोंबीलही नियमात बसतो, पण तो हॉटेलच्या खोलीत उघडणार असाल तर शेजारच्यांची आधी माफी मागा. अपार्टमेंटमध्ये फोडणी देताना खिडकी उघडा, धुराचा अलार्म छतावरच असतो.

औषधं: जर्मनी-ऑस्ट्रियात पॅरासिटामॉलसुद्धा फक्त औषधाच्या दुकानात मिळतं, आणि सुट्टीत आळीपाळीने एखादंच उघडं असतं (पत्ता बंद दुकानाच्या दारावर लावलेला असतो). मुलांचं तापाचं औषध, आजोबांच्या गोळ्या आठवड्याभराच्या जास्त, चिठ्ठीसकट, केबिन बॅगेत. डॉक्टरचा सल्ला हवा तर ऑस्ट्रियात १४५०, जर्मनीत ११६११७. अत्यवस्थ असेल तर ११२.

बागा, बोटी: साल्झबर्गच्या हेलब्रुन राजवाड्याची कारंजी हिवाळ्यात बंद. ट्यूलिप डिसेंबरात नसतात, कितीही विचारलंत तरी.

मोबाइल: थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. फोन आतल्या खिशात ठेवा, तिकिटांचे स्क्रीनशॉट दोघांच्या फोनवर.

परतीच्या आदल्या रात्री दुसऱ्या गावात राहणं

बर्फ पडला की विमानावरचा बर्फ काढण्यात वेळ जातो, रेल्वे उशिरा येते, कधी येतच नाही. २ डिसेंबर २०२३ला म्युनिक विमानतळ बर्फामुळे बंद ठेवावा लागला होता आणि शहरातली रेल्वेही ठप्प होती. म्हणून शेवटची रात्र, जिथून मुंबईचं विमान आहे त्याच शहरात. जाताना पहिल्या युरोपीय विमानतळावर पुढचं विमान पकडायचं असेल तर मधे किमान तीन तास ठेवा, कारण ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, पण फोटो घेतात, आणि झोपलेल्या मुलाचा फोटो घ्यायला वेळ लागतो. युरोपीय संघातून सुटणारं विमान हवामानामुळे रद्द झालं तर रोख भरपाई मिळत नाही, पण पर्यायी विमान मिळेपर्यंत जेवण आणि हॉटेल देणं कंपनीला बंधनकारक असतं. काउंटरवर तोंडाने मागा, नाही म्हणाले तर स्वतः माफक खर्च करा आणि प्रत्येक बिलाचा फोटो काढून ठेवा.